फ्लॉपी फिरत होती तेवढा वेळ

जे आजवर कुणालाच सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही, ते आधी सांगून टाकतो. नाहीतर नेहमीसारखा आजूबाजूचं बोलत बसेन आणि मुद्द्याचं राहून जाईल. काकांनी बटण दाबल्याचा आवाज मला आला होता. विचारलं तेव्हा मी म्हणालो, आला नाही.

आता मागचं सांगतो.

आम्ही लालबागच्या चाळीतले. माझे वडील आणि शेजारच्या खोलीतले काका एकाच गिरणीत, एकाच खात्यात, मागांवर कामाला. संप झाला तेव्हा मी शाळेत होतो. वडिलांनी बरीच वाट पाहिली, मग एका पावसाळ्याआधी गावी गेले ते तिकडेच राहिले. माझ्या शाळेसाठी आई आणि मी इथे थांबलो. काकाही थांबले. त्यांनी भायखळ्याच्या बाजारात भाजीच्या गोणी उचलल्या, कुणाच्या तरी गोडाऊनवर वॉचमनकी केली, मध्ये काही काळ नुसते घरीही बसले. पण धक्क्यावरून मासळी आणली की आमच्या दारात उभे राहायचे. "वयनी, बांगडे हाडलंय. वायच तुमका." आई नको म्हणायची आणि भांडं पुढे करायची. माझा डिप्लोमा होईपर्यंत आमच्या घरात मासळी शिजली ती बहुतेक अशीच.

डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा. नोकरी लागली ती परळला, एका बंद गिरणीच्या आवारात. गोडाऊनचे गाळे करून भाड्याने दिले होते, त्यातला एक आमच्या शेठचा. धंदा कपड्याच्या नमुन्यांचा. व्यापारी गिऱ्हाइकाला दाखवतात ती जाड पुठ्ठ्याची पुस्तकं असतात ना, आत कपड्याचे चौकोनी तुकडे डकवलेले, कडा करवतीच्या दातांसारख्या कापलेल्या, ती आम्ही बनवायचो. तोवर तुकडे हाताच्या दांड्याच्या मशीनवर कापले जायचे. शेठला ते कॉम्प्युटरवर हवं होतं, आणि मला ते करून दाखवायचं होतं.

मी ते केलं. दोन रूळ कापड ओढायचे, ठरलेली लांबी पुढे आली की हातभर लांबीचं दातेरी पातं हवेच्या दाबाने खाली यायचं आणि वर जायचं. रूळ फिरवणाऱ्या मोटरच्या आणि हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या वायरी मी कॉम्प्युटरच्या प्रिंटर लावायच्या जागेत जोडल्या होत्या. पैसे वाचले म्हणून शेठ खूश. कापड सरळ धरायला मात्र माणूस लागायचाच. कापड तिरकं गेलं की चौकोनाचा पतंग होतो. शेठ म्हणाले, "कपडा समजणारा आदमी पायजे." मी म्हणालो, आहे माझ्याकडे. असे काका तिथे आले. त्यांना तिथे आणणारा मी.

पहिल्या दिवशी त्यांनी मशीनभोवती एक फेरी मारली, खाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "हँडल खंय आसा?"

हे समजायला मागावरचा माणूस माहीत हवा. धागा तुटला की तो डाव्या हाताने हँडल मारतो आणि त्याच झोकात उजवा हात धाग्यांत घालतो. हँडल मारणं आणि हात घालणं ही त्याची दोन कामं नसतात, एकच असतं. हँडलने पट्टा सरकतो, माग थांबतो, मध्ये दुसरं कुणी नसतं. थांबला का हे बघत बसणाऱ्या नवख्याला खात्यातले लोक सोडायचे नाहीत. काका सांगायचे, त्यांचा जॉबर, म्हणजे खात्यातला मुकादम, सगळ्या पाळीसमोर ओरडायचा, "माग थांबवतस काय चेडू बघूक इलस?" मुलगी बघायला आल्यासारखं बघत बसायचं नाही, मारलं की घालायचा हात. काकांनी आयुष्याची उमेदीची वर्षं तसंच केलं होतं आणि त्यांच्या हाताला साधा ओरखडा नव्हता. त्याचा त्यांना अभिमान होता. दुसऱ्या कशाचा फारसा नव्हता.

मी त्यांना दरवाजाच्या घंटीला असतं तसलं एक बटण दाखवलं. "हेच हँडल, काका. हे दाबलं की मशीन थांबणार."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय! सगळं कॉम्प्युटर बघतो."

तसं ते खोटं नव्हतं, तेव्हा तरी. सुरुवातीला मशीन जुन्या, काळ्या पडद्याच्या सिस्टिमवर चालायचं. तिथे एका वेळी एकच प्रोग्राम. कॉम्प्युटर दिवसभर फक्त माझं ऐकायचा. बटण दाबलं की लगेच थांबायचा.

मग शेठनी नवा कॉम्प्युटर घेतला, ऑफिसात असतो तसला, रंगीत पडद्याचा. गिऱ्हाईक आलं की त्याला पडद्यावर कापडाचं चित्र सरकताना दिसायला हवं होतं. आणि हिशेब लिहिणाऱ्या बाईंना वेगळा कॉम्प्युटर कशाला? "अरे, एकामदे दोन काम होते ना? मग?" होतं तर खरं. मी माझा प्रोग्राम नव्या सिस्टिमवर नेला. बाई हिशेब टाइप करायच्या, मागे मशीन खटाखट कापत राहायचं. बघायला येणारे तोंडात बोट घालायचे. मलाही ते आवडायचं.

काय बदललं होतं ते सोपं करून सांगतो. गिरणगावात खानावळी होत्या. पंगत बसली की वाढपी एकच. तो आमटी घेऊन एका ताटाकडून दुसऱ्या ताटाकडे जातो. हाक मारली की "इलंय" म्हणतो. येतो तो त्याच्या सवडीने, आणि बहुतेक वेळा इतक्या लवकर येतो की आपल्याला वाटतं तो फक्त आपल्यासाठीच आहे. ही ऑफिसातली सिस्टिम तशी. हिशेब, पडदा, माउस, प्रिंटर, माझं मशीन, सगळे एका पंगतीत. जेवणाला थोडा उशीर झाला तर कुणी मरत नाही. पात्याचं तसं नाही. त्याला ठरलेल्या क्षणी वाढायलाच हवं, आणि तशी हमी ती सिस्टिम कुणालाच देत नव्हती. तिला बनवणाऱ्यांनी कधी दिलीही नव्हती. दिली होती ती मी, काकांना.

मला हे कळलं एका दुपारी. बाईंनी हिशेबाची फ्लॉपी घातली. ती करकर करत फिरू लागली आणि पडद्यावरचा बाण जागच्या जागी गोठला. मागे रूळही थांबले. फ्लॉपीचं काम आटोपलं तसे रूळ पुन्हा फिरले आणि उरलेली लांबी ओढून पातं खाली आलं. तुकडा अगदी बरोबर मापाचा निघाला. त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

मी मात्र तिथेच उभा राहिलो. माझा प्रोग्राम बटणाकडे बघायचा तो प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला. नंतर कापड ओढायचा, नंतर पातं सोडायचा. एरवी हे सगळं माणसाचा हात आत पोचायच्या आधीच उरकायचं. ओढता ओढता सिस्टिमने त्याला बाजूला बसवलं, तर जाग आल्यावर तो राहिलेलं काम पुरं करणार, बटणाकडे परत न बघता. आणि मधल्या वेळात बाहेरच्या माणसाला मशीन थांबलेलं दिसणार. हे सगळं मला त्या दुपारीच समजलं होतं. नंतर सुचलेलं शहाणपण नाही ते.

मी बाईंना म्हणालो, "मशीन चालू असताना फ्लॉपी घालू नका."

"का हो?"

"अडखळतं जरा."

एवढंच. हात जाईल असं म्हणालो नाही. शेठना म्हणालो, बटणाची वायर कॉम्प्युटरमधून न नेता थेट व्हॉल्व्हवर न्यायला हवी, मशीन थोडा वेळ बंद ठेवावं लागेल. शेठ म्हणाले, "दिवाळीचा माल निकळू दे, मग कर." यात शेठचा दोष नाही. कारण सांगितलं असतं तर त्यांनी त्याच मिनिटाला मशीन बंद केलं असतं, तसे होते ते. मी कारण सांगितलं नाही. सांगायचं तर ज्याची इतकी फुशारकी मारली ते काम या सिस्टिमवर माझ्याच्याने होत नाही, असं म्हणावं लागलं असतं.

काकांना तर मी काहीच म्हणालो नाही.

मग तो दिवस. जेवणं आटोपून काम सुरू झालं होतं. गिरगावातल्या हिशेबनिसाकडून माणूस आला होता, त्याला फ्लॉपी द्यायची होती आणि तो दारात उभा राहून घाई करत होता. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी पलीकडच्या टेबलावर कशाला तरी वायर जोडत होतो. मी मान हलवली की नाही ते आठवत नाही. नाही म्हणालो नाही, हे नक्की. फ्लॉपी आत गेली.

करकर ऐकून मी वर पाहिलं. रूळ थांबले होते. काका कापड पुढे सारत होते, त्यामुळे पात्याखाली कापडाची घडी जमली. त्यांनी ती पाहिली. डावा हात बटणावर गेला. टक् असा आवाज आला, स्पष्ट. उजवा हात त्याच झोकात आत.

मशीन थांबलेलं होतं. त्यांच्या दृष्टीने ते थांबायलाच हवं होतं, त्यांनी थांबवलं होतं. मला माहीत होतं की ते त्यांनी थांबवलेलं नाही. मी "काका" म्हणून ओरडायला तोंड उघडलं. ओरडलो का, ते आजही सांगता येत नाही. फ्लॉपीची करकर थांबली.

उजव्या हाताची दोन बोटं गेली.

टॅक्सीत ते माझ्या मांडीवर डोकं ठेवून होते. हाताला नमुन्याचंच कापड गुंडाळलं होतं. दोनदा म्हणाले, "सगळा कापड खराब झाला रे." इस्पितळात आत नेताना मात्र माझ्याकडे बघून म्हणाले, "मी बटण दाबलंय, झिला. दाबलंय मी."

"हो काका, आधी आराम करा," मी म्हणालो. त्या 'हो'चा अर्थ त्यांनी काय घेतला असेल, कुणास ठाऊक.

पुढे विम्याचा माणूस गाळ्यात आला. शेठ, बाई, आणखी एकदोन कामगार, सगळे उभे. त्याने बटण दाबून पाहिलं. मशीन थांबलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा दाबलं. थांबलं. फ्लॉपी फिरत नव्हती, मग का नाही थांबणार? त्याने विचारलं, "मग त्यांनी दाबलं होतं का? कुणी पाहिलं?"

बाई म्हणाल्या, "मी पडद्याकडे बघत होते." आणि माझ्याकडे पाहू लागल्या.

मी म्हणालो, "मला आवाज आला नाही."

हे वाक्य तिथे सुचलेलं नाही. येताना रस्त्यात घोळवून ठेवलं होतं. 'दाबलं नाही' म्हणायची माझी हिंमत नव्हती. 'आवाज आला नाही' म्हटलं की काम तेच होतं आणि आपण काही खोटं बोललो असंही वाटत नाही. बाईंनी मान खाली घातली. आपल्या फ्लॉपीचा यात काही संबंध आहे का, हे त्यांनी मला नंतर एकदा हळूच विचारलं. मी म्हणालो, "छे, त्याचा काय संबंध?" थोड्याच दिवसांत त्यांनी ती नोकरी सोडली.

विम्याचा माणूस गेल्यावर मी लोहार चाळीतल्या इलेक्ट्रिकच्या बाजारातून मोठं लाल बटण आणलं, एकदा दाबलं की दाबलेलंच राहणारं, आणि त्याची वायर थेट व्हॉल्व्हला जोडली. चहा गार व्हायच्या आत काम झालं. शेठ म्हणाले, "शाबास." काकांचा इस्पितळाचा खर्च त्यांनीच केला.

काका घरी आल्यावर मी भेटायला गेलो. आईने दिलेली पेज घेऊन गेलो होतो. ते खाटेवर बसले होते, बांधलेला हात उशीवर. गाळ्यात काय बोलणं झालं ते कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. मला वाटलं, आता हा माणूस मला शिव्या देणार. मी त्याची वाट बघत होतो, खरं सांगायचं तर आशेने.

ते म्हणाले, "तुका आवाज येवंक नाय?"

मी पेजेचं भांडं पुढे केलं.

"तू थंयच होतस. तुका येवंक नाय, म्हणजे मी दाबूक नाय." मग बांधलेल्या हाताकडे बघून, "तू खोटा कित्याक सांगशीत?"

आणि त्यांनी पेजेचं भांडं डाव्या हाताने माझ्या हातातून घेतलं.

बोटं गेली ते मी एकवेळ सोसलं असतं. अपघात म्हणता आला असता. पण त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातापेक्षा माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, आणि त्यानंतर स्वतःवर ठेवला नाही. स्टोव्ह पेटवायचं सोडलं. कुलूप लावलं की परत जिना चढून ओढून बघायचे. त्यांच्या मुलीला मुलगी झाली, तेव्हा सगळ्या चाळीने तिला कडेवर घेतलं, आजोबांनी नाही. "माझो हात माझा आयकणा नाय," असं म्हणून दुरूनच टिचक्या वाजवायचे, डाव्या हाताने. संध्याकाळी गॅलरीत जुने गिरणीवाले जमायचे. त्यांच्यातला एखादा म्हणायचा, "काय मागवाले, आज हँडल इसारलास नाय ना?" मागावरच्या माणसाला याहून वाईट काही म्हणता येत नाही. काका सगळ्यांबरोबर हसायचे. त्या कठड्याला टेकून मीही उभा असायचो.

माझं पुढे चांगलं झालं. मोठमोठी मशीनं बसवली. माझ्या हाताखालच्या पोरांना माझा एक हट्ट माहीत आहे: थांबवायचं बटण कॉम्प्युटरमधून जाणार नाही. ते वैतागतात. "सर, आता सिस्टिम किती फास्ट झाल्यात, कुठल्या जमान्यात आहात तुम्ही?" मी सांगतो, फास्ट असणं वेगळं आणि वेळेवर असणं वेगळं. सरासरीने बोट तुटत नाही, एका वेळच्या उशिराने तुटतं. मग त्यांना एका कारखान्यातली गोष्ट सांगतो, जणू दुसऱ्याच कुणाची. ते गंभीर होऊन ऐकतात. काळजी घेणारा माणूस म्हणून कंपनीने माझा एकदा सत्कारही केला. शाल मी घेतली.

चाळ पाडली. आता तिथे टॉवर आहे. काका मुलीकडे असतात. खूप थकलेत, पण डोकं लख्ख आहे. गेल्या महिन्यात भेटायला गेलो होतो. ती टिचक्यांवर वाढलेली नात आता स्वतः आई झाली आहे, माहेरी आली होती. तिने बाळ त्यांच्या मांडीवर ठेवायला पुढे केलं, तशी त्यांनी उजवा हात पाठीमागे नेला. "नको, माका दिव नको." ती हसली आणि बाळाला घेऊन आत गेली. घरात सगळ्यांना याची सवय आहे.

आम्ही दोघेच उरलो. स्वयंपाकघरातून कपांचा आवाज येत होता. काका खिडकीकडे बघत म्हणाले, "झिला, एक इचारू? राग नाय ना येवचो?"

"विचारा ना."

"खराच तुका आवाज येवंक नाय?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे दुसऱ्यांदा विचारलं. म्हणजे इतकी वर्षं त्यांना तो आवाज येत होता, आणि ते स्वतःला गप्प करत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. वाक्य तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात त्यांची मुलगी चहा घेऊन आली. मी कप उचलला आणि म्हणालो, "काका, इतक्या वर्षांनी कशाला तो विषय."

"तां पण खरा," ते म्हणाले. आणि मला माझ्या आईची तब्येत विचारली.

तेव्हापासून हे लिहितोय. लिहिणं सोपं आहे, कागद परत काही विचारत नाही. हे छापून आलं तरी ते वाचणार नाहीत, त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही, आणि त्यांच्या घरी कुणी हे वाचून दाखवेल यावर विसंबणं म्हणजे पुन्हा दुसऱ्याच्या आड लपणं. त्या हिशेबाच्या बाई कुठे आहेत, मला माहीत नाही. त्यांचा यात दोष नव्हता, हे त्यांनाही कधी सांगितलं नाही. काकांचं घर मात्र माहीत आहे.

काका, बटण तुम्ही दाबलं होतं, मी ऐकलं होतं आणि चूक माझ्या मशीनची होती, हे त्यांच्या समोर बसून, मुलगी आणि नात ऐकत असताना सांगणं मी त्यांचं देणं लागतो. ते मी अजून दिलेलं नाही.